धावता कोपर : एका डावाचा अभ्यास

(कला शाखा, द्वितीय वर्ष)

मराठी भाषेत कोपराला फारसा मान नाही. थट्टेत हळूच मारलेल्या टोमण्याला आपण ‘कोपरखळी’ म्हणतो. एखाद्याला आशा दाखवून झुलवत ठेवले तर त्याच्या ‘कोपराला गूळ लावला’ म्हणतो, कारण तो गूळ जिभेला कधी लागत नाही. मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये, असे वडीलधारी माणसे बजावतात आणि ज्याच्यापुढे आपले काही चालत नाही त्याला आपण कोपरापासून हात जोडतो. संस्कृतातील ‘कूर्पर’ या शब्दापासून आलेला हा अवयव अशा रीतीने आपल्या बोलण्यात थट्टेच्या आणि वैतागाच्या कामीच येतो. परंतु कोपराचे आणखी एक रूप आहे, ते म्हणजे शस्त्राचे. प्रस्तुत लेखात त्या रूपाचा, आणि त्यातही एका विशिष्ट डावाचा विचार करावयाचा आहे. व्हिडिओ गेममधील द्वंद्वात धावत पुढे जाऊन मारलेला कोपर हा तो डाव होय.

विषय वाचून काही वाचकांच्या कपाळावर आठी पडेल. महाविद्यालयाच्या वार्षिकात व्हिडिओ गेमचे काय काम, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे एवढेच की, नांदेड-लातूरकडील मुलांनी ज्या खेळावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत घरून मिळालेले नाणे न् नाणे खर्च केले, त्या खेळात नेमके काय आहे हे एकदा तरी नीट पाहावयास हवे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे अभ्यासाचा विषय कोणता आणि टवाळीचा कोणता, हे मला आधी कोणी सांगून ठेवलेले नव्हते.

कोपरच का?

मुठीने ठोसा मारताना हाताची लहान लहान हाडे आणि मनगटाचा सांधा यांवर सगळा भार येतो. म्हणूनच मुष्टियोद्धे हाताला पट्ट्या गुंडाळून वर मोजे चढवतात. कोपराचे तसे नाही. दुमडलेल्या हाताचे टोक म्हणजे एक टणक हाड. त्याच्या आणि खांद्याच्या मध्ये मनगटासारखा लचकणारा सांधा नाही. अंगाचा सगळा जोर थेट त्या टोकाशी पोहोचतो.

परंतु या बळाची किंमत आहे. दुमडलेला हात ताठ हाताच्या निम्म्याने आखूड होतो. मुठीने दूरवरून मारता येते, कोपर मात्र समोरच्याच्या छातीपर्यंत नेऊन पोहोचवावा लागतो. म्हणून कोपर मारणाऱ्याला आत शिरावेच लागते. मधले अंतर कापण्यासाठी धाव आणि धावेच्या शेवटी कोपर, अशी ही जोडी निसर्गतःच जमते.

निरनिराळ्या क्रीडाप्रकारांनी या शस्त्राबाबत निरनिराळे नियम केले आहेत. मुष्टियुद्धात कोपर लावणे हा नियमभंग आहे. आंतरराष्ट्रीय कुस्तीच्या नियमांत प्रतिस्पर्ध्याच्या पोटात कोपर किंवा गुडघा खुपसण्यास मनाई आहे. थायलंडच्या मुए थाई या प्रकारात मात्र कोपर हे मानाचे शस्त्र मानले जाते. अमेरिकेतील मिश्र युद्धकलेच्या नियमांत वरून सरळ खाली मारलेल्या कोपराला अनेक वर्षे बंदी होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून उठली.

आठ दिशांची विद्या

पडद्यावरील धावत्या कोपराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जपानमधील आहे. सेगा या कंपनीने १९९३ मध्ये ‘व्हर्च्युआ फायटर’ नावाचा खेळ काढला. यू सुझुकी हे त्याचे प्रमुख रचनाकार. तोपर्यंतच्या द्वंद्व-खेळांतील योद्धे कागदावरच्या चित्रासारखे सपाट असत. ‘व्हर्च्युआ फायटर’मध्ये ते प्रथमच घनाकृतींचे झाले, म्हणजे त्यांना लांबी-रुंदीबरोबर खोलीही आली. या खेळाचा नायक अकिरा युकी हा तरुण चिनी मुष्टिविद्येचा जाणकार दाखवला आहे. त्या विद्येचे चिनी नाव ‘बाजीछुआन’ आणि जपानी नाव ‘हाक्क्योकुकेन’. आपल्या ‘बाजी’शी त्या नावाचा काही संबंध नाही. ‘आठ दिशांच्या टोकांपर्यंत पोहोचणारी मूठ’ असा त्याचा ढोबळ अर्थ सांगता येईल. आपल्या अष्टदिशांची आठवण यावी असेच हे नाव आहे. चीनच्या हबेई प्रांतातील त्सांगचौ परिसर हे या विद्येचे माहेर.

या विद्येचा भर अगदी जवळून लढण्यावर असतो. पाय जमिनीवर जोरात आपटून, खांदा, कोपर आणि कंबर एका रेषेत आणून समोरच्याच्या अंगात घुसावयाचे, ही तिची रीत. अकिराचा धावता कोपर याच रीतीचा आहे. खेळणाऱ्याने जॉयस्टिक पुढच्या दिशेला दोनदा झटकन ढकलून ठोशाचे बटण दाबावयाचे. पडद्यावर अकिरा एक लांब पाऊल टाकतो, पाय रोवतो आणि त्याच क्षणी त्याचा कोपर प्रतिस्पर्ध्याच्या छातीत बसतो. या खेळाला बटणे तीनच आहेत: ठोसा, लाथ आणि बचाव. साधनांची अशी काटकसर असूनही या एका हालचालीने अकिरा ओळखला जाऊ लागला. २०२५ साली या मालिकेतील पाचव्या खेळाची नवी आवृत्ती संगणकावर आली. वसतिगृहातील एका मित्राच्या संगणकावर मी ती खेळलो. बत्तीस वर्षांनंतरही तो कोपर तसाच आहे.

पंखेवालीची मधमाशी

अकिरा मात्र आमच्याकडील पार्लरमध्ये भेटत नसे. तेथे राज्य होते ‘किंग ऑफ फायटर्स’चे, विशेषतः १९९७ सालच्या आवृत्तीचे. एसएनके या जपानी कंपनीचा हा खेळ तीन-तीन योद्ध्यांच्या संघांचा. माझा चुलतभाऊ माझ्याहून वीस वर्षांनी मोठा आहे. त्याच्या शाळेच्या दिवसांत बसस्थानकामागील एका गल्लीत पत्र्याच्या खोलीत चार मशिने होती. एका रुपयात एक डाव. हरणारा उठे, जिंकणारा बसून राही, आणि वाट पाहणारे आपले नाणे मशिनच्या काचेखाली ओळीने मांडून नंबर लावीत.

या खेळात माई शिरानुई नावाची एक योद्धी आहे. एसएनकेच्याच १९९२ सालच्या ‘फेटल फ्युरी २’ या खेळातून ती आली. हातात पंखे असल्यामुळे पोरांनी तिचे नाव ‘पंखेवाली’ ठेवले होते. तिच्या वेशभूषेबद्दल आक्षेप घेण्यासारखे पुष्कळ आहे. ती वेशभूषा लढणाऱ्या बाईच्या सोयीची नाही, पाहणाऱ्या पुरुषांच्या करमणुकीची आहे. तिचा डाव मात्र अभ्यासण्यासारखा आहे. त्याचे जपानी नाव ‘हिस्सात्सु शिनोबी-बाची’. ‘हाची’ म्हणजे मधमाशी आणि ‘शिनोबी’ म्हणजे छुपा योद्धा. माई प्रथम कोलांटी घेते आणि मग कोपर पुढे करून बाणासारखी समोरच्याच्या अंगावर जाते. मधमाशी आपला काटा पुढे करून यावी तसे ते दिसते.

जपानी नाव पार्लरमधील कोणालाच ठाऊक नव्हते. ‘मागून पुढं आधा चक्कर, आन् लात’, एवढ्या शब्दांत ही विद्या एकाकडून दुसऱ्याकडे जाई. गंमत अशी की, बटण लाथेचे आणि घाव कोपराचा. चुलतभाऊ सांगतो, ‘नव्या पोराला आधी हे पटायचंच नाही. ठोशाचं बटण बडवत बसायचा.’ हाच डाव घेऊन माई फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ६’ या दुसऱ्या कंपनीच्या खेळातही आली. ज्या खोलीत तो शिकवला जात असे तेथे आता मोबाईलचे दुकान आहे.

डावाचे तीन काळ

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. या खेळांत एका सेकंदाचे साठ भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागात पडद्यावर एक नवे चित्र येते. खेळातील प्रत्येक डाव या भागांत मोजला जातो आणि त्याचे तीन काळ असतात. पहिला तयारीचा, म्हणजे बटण दाबल्यापासून घाव पोहोचेपर्यंतचा. दुसरा घावाचा, म्हणजे ज्या भागांत कोपर लागू शकतो तो. आणि तिसरा सावरण्याचा, म्हणजे घाव लागो वा न लागो, योद्धा पुन्हा मूळ पवित्र्यात येईपर्यंतचा. या तिसऱ्या काळात खेळणाऱ्याने कितीही बटणे दाबली तरी योद्धा हलत नाही.

पहिल्या काळाचे महत्त्व डोळ्यांशी निगडित आहे. डोळ्याने पाहून बोट हलवण्यास माणसाला साधारणतः एक पंचमांश ते एक चतुर्थांश सेकंद लागतो, म्हणजे बारा ते पंधरा भाग. याहून कमी भागांत पोहोचणारा घाव पाहून अडवता येत नाही, त्याचा अंदाजच बांधावा लागतो. अकिराची ताकद येथे आहे. त्याचे पाऊल आणि कोपर यांत फट जवळजवळ नसते. उलट माईची कोलांटी दुरून दिसते आणि सावध माणूस ती ओळखून बचाव धरतो. म्हणून जाणकार खेळाडू मधमाशी एकटी सोडत नसत. आधी एखादा साधा ठोसा लावावयाचा, तो लागला की समोरचा हेलपाटतो, आणि त्या हेलपाटण्यातच कोपर सोडावयाचा.

परंतु खरे मर्म तिसऱ्या काळात आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, धावता कोपर समोरच्याने अडवला. अडवणारा पंधरा भागांत मोकळा झाला, पण मारणाऱ्याला सावरण्यास तीस भाग लागतात. मग पंधरा भागांची फट राहिली. समोरच्याचा एखादा ठोसा बारा भागांत पोहोचत असेल तर तो चुकवणे मारणाऱ्याला शक्यच नाही. त्याने जे अंतर धावून कापले तेच आता त्याच्या विरुद्ध जाते, कारण तो समोरच्याच्या मिठीत जाऊन उभा आहे.

येथे खेळ रचणाऱ्यांचा प्रामाणिकपणा मला दिसतो. धाव वेगवान, घाव जबर आणि शिवाय परतीची वाटही मोकळी, असा डाव त्यांना सहज करता आला असता. शेवटी तो पडदाच आहे. पण तसे केले तर सगळेच तो एक डाव मारीत बसतील आणि खेळ संपेल. म्हणून जोर जितका अधिक तितके सावरणे लांब, हा नियम त्यांनी बहुतेक ठिकाणी पाळला आहे. एकदा टाकलेले अंग परत घेता येत नाही हे शरीराचे सत्य पडद्यावरही शिल्लक ठेवले आहे.

मातीतला पडताळा

हा नियम केवळ पडद्यापुरता आहे की खऱ्या अंगालाही लागू पडतो, हे पाहण्यासाठी मला लांब जावे लागले नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, लातूरच्या अडत बाजारात हमाली करतात. तरुणपणी ते औसा तालुक्यातील जत्रांत कुस्त्या खेळत. आपल्या भागाला मल्लविद्या नवी नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला, त्यात मल्लांचे प्रकार, त्यांचा आहार, व्यायाम आणि लढती यांचे वर्णन करणारा ‘मल्लविनोद’ हा भाग आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या सीमेला लागूनच. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० साली एडिंबरा येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी अनेक मल्ल घडवले. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल आजही भरते.

धाव म्हणजे काय हे तर नांदेडकरांना सांगावयासच नको. होला मोहल्ल्याला आणि दसऱ्याला गुरुद्वाऱ्यातून निघणाऱ्या मिरवणुकीत अरदास होताच हल्लाबोल होतो आणि शस्त्रे उंचावलेले शेकडो लोक एकदम धावत सुटतात. ती धाव पाहणाऱ्याला एक गोष्ट कळते की, सुटलेला माणूस मध्येच थांबू शकत नाही.

मी आण्णांना मोबाईलवर माईचा कोपर दाखवला. त्यांनी तो चार वेळा पाहिला. मग म्हणाले, ‘कुस्तीत कोपर मारत नसतेत. कोपर बरगडीला चिकटवून ठेवत असतेत. कोपर अंगापासून सुटला की समोरचा तिथूनच आत शिरतो.’ थोडे थांबून त्यांनी विचारले, ‘हिचा वार हुकला तर ही काय करती?’

मला हाच प्रश्न हवा होता. मी सावरण्याचा काळ समजावून सांगितला. तेव्हा त्यांनी दुहेरी पटाची गोष्ट काढली. दुहेरी पट म्हणजे खाली वाकून, झेप घेऊन समोरच्याचे दोन्ही पाय कवटाळणे. कुस्तीतला हाही धावून आत शिरण्याचाच डाव. समोरचा बेसावध असला तर तो चीतच होतो. पण त्याने वेळीच पाय मागे फेकून आपले अंग वरून टाकले तर पट काढणारा मातीत तोंडघशी आणि समोरचा त्याच्या पाठीवर. एका जत्रेत आण्णांचे असेच झाले. अंग टाकणारा वजनाने भारी होता. आण्णांचा उजवा खांदा निखळला. तो बसवला गेला, पण पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. आजही ते पोते डाव्या खांद्यावर घेतात. एवढी वर्षे मी ते पाहत होतो, कारण मात्र मला त्या दिवशी कळले.

त्यांचे पुढचे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आहे: ‘डाव सगळ्यालाच येतेत. डाव हुकल्यावर काय करायचं, ते वस्ताद शिकवतो. माझा वस्ताद तवर शिकवायचा राहिला होता.’

पडदा आणि माती यांतील साम्य आणि फरक या वाक्यात दोन्ही आले. साम्य हे की, दोन्हीकडे तिसऱ्या काळाला किंमत आहे. फरक हा की, पडद्यावर ती किंमत एका रुपयाची होती आणि पुढचे नाणे टाकून पुन्हा खेळता येत असे. माईचा खांदा कधी निखळत नाही. म्हणून या खेळांना कुस्तीच्या पंगतीला बसवण्याचा माझा आग्रह नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला क्रीडाप्रकारात स्थान दिले आणि २०२३ साली हांगचौ येथे भरलेल्या आशियाई स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर’ पदकासाठी खेळला गेला, ही गोष्ट खरी. तरीही अंगाने शिकणे आणि बोटाने शिकणे यांत अंतर राहणारच.

नोंदीचा प्रश्न

असे असले तरी एका बाबतीत पडद्याचे लोक आपल्यापुढे गेले आहेत, आणि तेवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. अकिराच्या एका कोपराचे नाव, आज्ञा, तयारीचे भाग, घावाचे भाग, सावरण्याचे भाग, अडवल्यास होणारा तोटा, हे सारे हौशी खेळाडूंनी आवृत्तीगणिक मोजून लिहून ठेवले आहे. जगातला कोणताही पोरगा ते वाचून शिकू शकतो. आपल्याकडे बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या दहा खंडांत व्यायामाची आणि कुस्तीची केवढी तरी माहिती मराठीत ग्रथित केली, ते ऋण मोठे आहे. पण औशाकडचा पैलवान ढाक कशी लावी, कंधारकडचा कलाजंग टाकताना पाय कोठे रोवी आणि डाव फसला तर कोणत्या कुशीवर वळे, हे कोणत्या खंडात सापडणार? ते म्हाताऱ्या वस्तादांच्या अंगात आहे. आणि अंग थकले की ते जाणार आहे.

पार्लरमधील मुलांनी जपानी डावाला ‘मागून पुढं आधा चक्कर’ असे आपल्या भाषेत बसवले आणि तो टिकला. ही ताकद आपल्या बोलण्यात आहे. ती आपल्या मातीतल्या डावांसाठीही वापरता येईल.

या दिवाळीच्या सुटीत मी एका दोनशे पानी वहीत पाच रकाने आखले: डावाचे नाव, तयारी, घाव, सावरणे, आणि सांगणाऱ्याचे गाव. आतापर्यंत अकरा डावांची नोंद झाली आहे. पहिले तीन रकाने अकराही डावांचे भरले. सांगणारे उभे राहून, मला धरून, प्रसंगी अंगणात पाडून दाखवतात. चौथा रकाना मात्र चारच डावांचा भरला आहे. ‘हुकल्यावर काय?’ असे विचारले की बहुतेक जण हसतात आणि म्हणतात, ‘हुकू द्यायचाच नाही.’ दुहेरी पटाच्या ओळीतील चौथा रकाना आण्णांनी सांगितला: पट हुकला असे कळताच हाताने ओढू नये, कोपर अंगाशी घ्यावेत, गुडघ्यावर येऊन एका कुशीला फिरावे आणि मान वर ठेवावी. हे त्यांना खांदा गेल्यानंतर दुसऱ्या एका वस्तादाने सांगितले होते.

आपल्या महाविद्यालयात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चारही जिल्ह्यांतील विद्यार्थी आहेत. कोणाचे आजोबा, कोणाचे मामा, कोणाचे शेजारी मातीत उतरलेले असतीलच. जिमखान्याने मनावर घेतले तर वर्षभरात शंभर डावांची नोंद सहज होईल आणि पुढील अंकात ती छापताही येईल. प्राध्यापकवर्गाने रकान्यांत काही भर सुचवल्यास ती मला हवीच आहे. तोपर्यंत वही माझ्यापाशी आहे. ज्यांच्या घरी असे कोणी असेल त्यांनी निरोप द्यावा. मी एस.टी.ने येईन आणि पाडून घेण्याची माझी तयारी आहे.